उपासाला केळं चालतं

आमच्या मंडळाचे अध्यक्ष योगराजभाऊ यांना उपाशी माणूस बघवत नाही, असं त्यांच्या प्रत्येक सत्कारात कोणीतरी सांगतंच. खरं आहे ते. म्हणून तर ते कुठल्याही दवाखान्यात गेले की आधी केळी मागवतात. वाढदिवसाला फळवाटप, पंधरा ऑगस्टला फळवाटप, महापालिकेची निवडणूक जवळ आली की दर रविवारी फळवाटप. खाटेवरचा माणूस शुद्धीवर आहे की नाही हे बघायची गरज नसते. फोटोत भाऊंचा हात आणि केळं आलं की पुण्य पदरात पडलं.

यंदा भाऊंनी मोठी उडी मारली. फाटलेला ओठ आणि टाळू असलेल्या मुलांसाठी मोफत शस्त्रक्रिया शिबिर. डॉक्टरांची तुकडी मुंबईहून एका दिवसासाठी सुरतेला येणार आणि इथल्या पर्वत पाटियाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात ऑपरेशनं करून रात्रीच्या गाडीने परत जाणार.

मी अलका, महापालिकेच्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग घेते. मंडळाची वर्गणी वेळेवर भरते आणि भाऊंच्या मते मंडळातली सगळ्यात मोठी कटकट मीच आहे. तरी या शिबिराला मी मनापासून हो म्हटलं, कारण माझ्या वर्गात चंचल होती. तिच्या टाळूला जन्मापासून फट, त्यामुळे शब्द सगळे नाकातून निघून जायचे. 'कमळ' म्हणायला गेली की 'अंमअ' ऐकू यायचं. पोरं नक्कल करायची, म्हणून तिने वर्गात तोंड उघडणंच सोडलं होतं. तिचं बोलणं कळायचं ते फक्त तिच्या आईला, कलाबाईला.

हे ऑपरेशन खरं तर पोर बोलायला लागायच्या आधी व्हायला हवं. जितका उशीर, तितकं चुकीचं वळण जिभेला लागतं आणि मग टाळू शिवली तरी बोली सुधारेलच असं नाही. सुपडू, म्हणजे चंचलचा बाप, मार्केटात कापडाची पार्सलं उचलतो. सरकारी दवाखान्यात त्याला तारखेवर तारीख मिळत होती आणि खासगीतला आकडा ऐकून तो उभ्या उभ्या परत आला होता. या सुरतेत मोहरीएवढ्या हिऱ्याला पैलू पाडणारे गल्लोगल्ली सापडतात. गरिबाच्या पोराची टाळू शिवणारा मात्र बाहेरगावाहून मागवावा लागतो, तोही हार घालून.

आदल्या दिवशी तपासणी झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत सांगितलं की मध्यरात्रीनंतर मुलांच्या पोटात काहीही जाता कामा नये. गुजराती आयांना तिथल्या नर्सने "भूख्युं राखजो" असं सांगून टाकलं. आमच्या कलाबाईला समजावायचं काम भाऊंच्या सुनेकडे, केतकीकडे आलं. केतकी मराठी बोलते ती वर्षातून दोनदा, गणपतीत आणि शिबिरात. ती गोड हसून म्हणाली, "उद्या बेबीला उपास हं, मावशी."

उपाशी आणि उपास यांतला फरक केतकीच्या शाळेत शिकवला नसावा. उपाशी माणसाच्या पोटात काही नसतं. उपास असलेल्याच्या पोटात साबुदाणा, शेंगदाणे, रताळं, राजगिऱ्याचा लाडू, दूध आणि फळं एवढा फराळ असू शकतो. आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी त्या वेळी शाळेत होते, नाहीतर तिथेच तिचे कान उपटले असते.

ऑपरेशनं सकाळी नऊला सुरू व्हायची होती आणि पहिला नंबर चंचलचा होता. पण आधी उद्घाटन, आणि उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे म्हणजे कामरेजचे एक बिल्डर, ते घरून निघालेच नव्हते. डॉक्टरांना खाली मंडपात बसवून लोचो खायला घातला. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून नर्सांनाही खालीच बसवलं. शाळेतली बाई म्हटल्यावर सूत्रसंचालन माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच, त्यामुळे मीही खालीच. वर आजारी मुलं आणि त्यांच्या आया तेवढ्या उरल्या.

पाहुणे अकराला उगवले. दीप लागला, भाषणं झाली, गरिबांबद्दल सगळ्यांचे गळे दाटून आले. मग भाऊ पाहुण्यांना घेऊन वर गेले, मागे फोटोग्राफर आणि केळ्यांची टोपली. मी माइक ठेवून धावत वर पोचेपर्यंत चंचलचं केळं संपलं होतं. इतर आयांनी आपापली केळी पिशवीत टाकली होती.

चंचलला न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना कलाबाईच्या हातातली साल दिसली. "किसने खिलाया इसको?"

कलाबाई गडबडली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, सकायपाईन भाकर दिधी नही, च्या बी नही. उपास सांगेल व्हता ना. केयं तं चालस उपासले. आनि मोठा सायेबनी सोता तिना हातमा दिधं."

"मी तर क्लिअर सांगितलं होतं," केतकी म्हणाली.

"या लोकांना कितीही सांगा," भाऊ पाहुण्यांना म्हणाले, "अडाणी ते अडाणीच."

माझं डोकं फिरलं. "भाऊ, केळं दिलं कोणी? तुमचाच फोटोग्राफर साक्षीला आहे."

डॉक्टरीणबाई मात्र शहाण्या निघाल्या. त्यांनी हिशोब केला आणि म्हणाल्या की आता भूल दिली तर पोटातलं वर येऊन छातीत जाईल, जिवाशी खेळ होईल. पण संध्याकाळी साडेपाचला तिला शेवटी घेता येईल. तोवर पोटात काही घालू नका, गाडी रात्रीची आहे, आम्हाला जमतंय.

आता भाऊ गडबडले. पाचला डॉक्टरांचा सत्कार होता. हॉल घेतलेला, शाली आणलेल्या, पाहुणे त्यासाठी थांबणार होते. "डॉक्टरच स्टेजवर नसतील तर शाल घालायची कोणाला?" त्यांनी विचारलं.

"इथे दारात घाला," मी म्हटलं. "शाल टाकायला किती वेळ लागतो?"

"अलकाताई, चारशे माणसांचं जेवण आहे. आणि पुढच्या वर्षी आहेच की शिबिर. पहिला नंबर हिचाच, माझा शब्द."

भाऊंचा शब्द अगदी स्वच्छ ऐकू येतो. त्यांच्या टाळूला काही झालेलं नाही. मी मागोमाग वर आलेल्या मुख्य सर्जनकडे बघितलं, तर ते घड्याळाकडे बघू लागले. म्हणाले, आयोजकांचं मन मोडता येत नाही, पुन्हा यायचं असतं. डॉक्टरीणबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण सर्जननी इंग्रजीत त्यांना गप्प केलं आणि दुसऱ्या बाळाला आत न्यायला सांगितलं. एवढी शिकलेली माणसं एका शालीला भ्याली, याची मला किळस आली.

चंचल हे सगळं ऐकत होती. तिने आईचा पदर ओढला आणि काहीतरी बोलली. चारचौघांत ती पहिल्यांदाच इतकं मोठ्याने बोलली असेल. नुसते नाकातले स्वर, शब्द एकही नाही. फोटोग्राफर अजून तिथेच होता, म्हणून भाऊ खाली वाकले.

"काय म्हणते आमची बेटी? थँक्यू म्हणते का?"

कलाबाईने मान वर केली नाही. "ती इचारस, केयं वापस दिधं तं आपरेशन करतीन का?"

भाऊ मूळचे पारोळ्याचे. अहिराणी त्यांच्या आईची भाषा. तरी ते सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, "काही कळलं नाही बुवा." मग पाहुण्यांच्या पाठीवर हात ठेवून जिन्याकडे निघाले.

ते पाठमोरे झाले तशी चंचलने दोन बोटं घशात घातली. कलाबाईने तिचा हात दोन्ही हातांनी धरून खाली ओढला. खाली मंडपात माइकवरून माझं नाव पुकारत होते.