शाब्बास म्हणायचं नाही

बागबाजारातल्या आमच्या तालमीत नाव घालायचं तर आधी गोटी उचलावी लागायची. खेळायची गोटी नव्हे हो! चांगला कलिंगडाएवढा काळा दगड. आमच्या बाबांनी कलकत्त्यात तालीम काढली तेव्हा गावाकडच्या रिवाजाप्रमाणे तो दारातच ठेवला. नव्या माणसानं तो गुडघ्यापर्यंत उचलायचा, मग वस्ताद त्याच्या कपाळाला तांबडी माती लावणार. ज्याला उचलता आला नाही, त्यानं घरी जायचं, ताकद कमवायची आणि मग परत यायचं. आता मला सांगा, ताकद नाही म्हणून जो तालमीत आलाय, त्यानं ती घरी कुठून कमवायची? बाबांच्या मागे माझा धाकटा भाऊ गुरुदत्त वस्ताद झाला. त्याला मी हे किती वेळा विचारलं असेल. तो म्हणायचा, "ताई, रिवाज आहे." रिवाज म्हटलं की याची अक्कल झोपायला जायची.

मी कालिंदी. मुलींच्या शाळेत व्यायाम शिकवायची आणि तालमीच्या वरच्या मजल्यावर राहायची. जन्म इथलाच, कलकत्त्याचा. माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात. असू दे. नाकावर असतो म्हणून लवकर दिसतो, एवढंच.

बहात्तर सालच्या संक्रांतीला मराठी बायकांच्या हळदीकुंकवात मला हेमा भेटली. तिचा नवरा अशोक बँकेत होता, नाशिकहून बदली होऊन आलेला, आणि घर डमडमला. तिथे तिची दहा महिन्यांची वैशाली रांगत रांगत तिच्या पायाशी आली आणि दोन्ही हात वर करून उभी राहायला बघू लागली. कुणीतरी म्हणालं, "अगं, घे की तिला!" हेमानं इकडेतिकडे बघितलं आणि सासूला हाक मारली, "आई, हिला घेता का जरा?" प्रेमलताबाईंनी पोर उचलून कडेवर घेतली. हेमा हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. कोपरातून वाकडा आणि मनगटापर्यंत वाळून काटकी झालेला.

जिन्यात तिला गाठलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. सातवा महिना असताना बसमधून उतरताना ती पडली आणि कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात असा झालेला होता. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता व्यायाम करा. कुठे करा, कसा करा, ते काही सांगितलं नाही. "मांडीवर आणून दिली तर घेते मी तिला," हेमा म्हणाली, "पण जमिनीवरून उचलता येत नाही. एकदाही उचललेली नाही, ताई. आणि ती रोज जड होतेय. चालायला लागली की मग कोण उचलून घ्या म्हणतंय?"

मी म्हटलं, उद्या दुपारी तालमीत ये.

दुपारी पैलवान कामधंद्याला गेलेले असतात. मातीच्या हौद्यात बायकांनी पाय ठेवायचा नाही असं आमच्याकडेही होतं, पण बाहेरची फरशीची खोली मोकळीच असायची. हेमा आली, चपला काढल्या, आणि गुरुदत्तनं काय करावं? मिशीवरून हात फिरवत दगडाकडे बोट दाखवलं. "वहिनी, रिवाज आहे. गुडघ्यापर्यंत नको, नुसती हलवून दाखवा." बिचारी खरंच वाकली! डाव्या हातानं ढकलायला लागली.

माझं पित्त खवळलं. "सोड गं तो धोंडा!" मी ओरडले. "गुरू, तू इकडे ये. बस खाली. मांडी घालून बस."

तो जागचा हलला नाही. मला पक्कं माहीत होतं, हा बसायचा नाही. कुस्तीत याचे दोन्ही गुडघे गेले होते. दोन वर्षं हा टेबलाशी बसून जेवत होता आणि लोकांना सांगत होता की आता काळ बदललाय. शिष्यांना वाटायचं, वस्ताद उभे राहून शिकवतात ते रुबाबासाठी.

"ताई, गप्प बस," तो हळूच म्हणाला.

"मी गप्प बसते, तू खाली बस. नाही जमत ना? मग तुझं नाव कापू का तालमीतून?"

तो लालबुंद झाला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण हा हसायलाच लागला. माझा भाऊ अडाणी असेल, पण मनाचा स्वच्छ आहे. त्यानं पायानं दगड भिंतीकडे लोटला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्हाला काय उचलायचंय ते सांगा." हेमानं सांगितलं. त्यानं तिचा वाकडा हात नीट बघून घेतला. मग म्हणाला, "पोर कोपरानं नाही उचलत हो. मांड्यांनी उचलतात. कोपरानं फक्त धरायची."

इथवर सगळं छान चाललं होतं. पण गुरुदत्तचा उत्साह म्हणजे एक संकटच. हेमा तिसऱ्यांदा आली ती नेमकी सुट्टीच्या दिवशी, आणि यानं सगळ्या पैलवानांना जमवून ठेवलेलं. नारळ फोडला. हेमानं वाळू भरलेला दुधाच्या पावडरचा डबा स्टुलावरून उचलून छातीशी घेतला, आणि बारा दांडग्या गड्यांनी टाळ्या पिटल्या. "शाबाश बौदी!" बौदी म्हणजे वहिनी. एकानं तर दंड थोपटले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट कौतुकच होतं. हेमा सगळ्यांना नमस्कार करून गेली आणि पुन्हा आलीच नाही.

आठवडाभर वाट बघितली आणि श्यामबाजारातून बस पकडून मी डमडमला गेले. प्रेमलताबाईंनी दार उघडलं, कडेवर वैशाली. त्यांनी डोळ्यांनीच आतल्या खोलीकडे खूण केली. हेमा उशांना अभ्रे घालत बसली होती.

"काय गं, घाबरलीस?" मी विचारलं.

"नाही."

"मग कंटाळलीस?"

"ताई, त्या दिवशी मी डबा उचलला आणि बारा माणसं ओरडली. दुसऱ्या दिवशी नसता उचलता आला तर त्या बाराजणांना मी काय तोंड दाखवलं असतं?" तिचा आवाज चढला. बरं वाटलं मला, बाईत राग आहे म्हणजे जीव आहे. "मला चुकायचंय हो. दहा वेळा डबा पाडायचाय. कुणी दया नको, कुणी टाळ्या नको. घरी पाडला तर आई धावत येतात. तिथे पाडला तर सगळी तालीम हळहळेल. मी पाडायचा तरी कुठे?"

एवढी वर्षं मी शाळेत व्यायाम शिकवत होते, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन गुरुदत्तला सांगितलं. आधी तो चिडला. "मी काय वाईट केलं? नारळ फोडला ना!" मग रात्री जेवताना एकदम म्हणाला, "मी पण कोणासमोर खाली बसत नाही, ताई. का, ते आज कळलं." बाबांनंतर तो माझ्याशी इतकं खरं कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं शिष्यांना दम भरला: दुपारच्या वेळेत कुणी शाब्बास म्हणायचं नाही, कुणाकडे टक लावून बघायचं नाही. दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या. एक हेमासाठी, तिला मी समजावून परत आणलं. आणि दुसरी? दुसरी वस्तादांची स्वतःची! खुर्चीच्या पाठीला धरून हळूच खाली बसायचं, हळूच उठायचं. कण्हत, शिव्या देत, धापा टाकत. शेजारी हेमाचा डबा धाडकन पडायचा, आणि हा वळूनही बघायचा नाही. "माझाही गुडघा वाजला आत्ता," एवढंच म्हणायचा. ती पोट धरून हसायची.

वस्ताद खुर्चीला धरून बसतात हे गल्लीत पसरायला काय वेळ लागतो! मला वाटलं होतं, लोक टिंगल करतील. उलट लोक यायला लागले. अर्धांगवायूतून उठलेले दिगंबरराव काठी टेकत आले. दोन जिन्यांत दम लागणारी लठ्ठ लीना आली, एका बंगाली मैत्रिणीला घेऊन. एका डोळ्यानं अधू असलेला लीनाचा भाऊ आला. गुरुदत्त प्रत्येकाला एकच विचारायचा, "तुम्हाला काय जमायला हवंय?" दिगंबररावांना स्वतःच्या हातानं सदऱ्याची बटणं लावायची होती. लीनाला म्हणे नुसतं कुणी 'किती खातेस' न म्हणता घाम गाळायचा होता. ज्याला जे हवं, त्याची तीच तालीम. दुपारी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना, आणि मी जिन्यावरून मिरवत उतरायची, जणू मीच तालीम बांधली.

हेमाच्या डब्यात वाळू वाढत गेली. डबा स्टुलावरून पाटावर आला, पाटावरून फरशीवर. तिकडे वैशाली भिंतीला धरून पावलं टाकायला लागली होती. हेमा रोज तेच सांगायची आणि रोज घाई करायची. गुरुदत्त म्हणायचा, "धीर धरा वहिनी." मी म्हणायची, "अजिबात धरू नको."

पावसाळ्याच्या तोंडावर एके दुपारी ती प्रेमलताबाईंना आणि वैशालीला घेऊनच आली. कुणाला काही सांगितलं नाही. वैशालीला फरशीवर बसवलं, पदर खोचला, पाय फाकवले. डावा हात पोरीच्या बुडाखाली, उजवा पाठीमागून. मांड्यांवर जोर घेतला आणि सरळ उभी राहिली. उचलली हो, उचलली!

वैशालीला काय कळणार! या बाईनं तिला आजवर कधी उचललंच नव्हतं. तिनं आधी डोळे मोठे केले आणि मग असा काही गळा काढला की दिगंबररावांची काठी हातातून पडली. दोन्ही हात पसरून ती आजीकडे झेपावायला लागली. सवयीप्रमाणे प्रेमलताबाई पुढे झाल्या, घ्यायला हात केले.

हेमा पाठ फिरवून उभी राहिली. तिचा उजवा हात सुटला नाही. "नको आई," ती म्हणाली, "रडू दे तिला. माझ्या अंगावर रडू दे."

प्रेमलताबाईंनी हात मागे घेतले आणि तोंडाला पदर लावला. वैशाली आकांत करत राहिली, आणि हेमा तिला छातीशी धरून खोलीभर चालत राहिली.