परशूच्या पोटरीवरची पट्टी

मी पोटरीला गुंडाळायची एक जुनी लोकरी पट्टी आहे, मित्रांनो. रंग खाकी, रुंदी चार बोटं. मला एक जुळी बहीणही होती, कारण पाय दोन असतात. आम्हांला लढाईवरच्या शिपायांसाठी विणलं होतं. पण आमचा गठ्ठा सुटेपर्यंत पहिलं महायुद्ध संपूनही गेलं. मग उरलेल्या मालाबरोबर आम्ही जोयड्याच्या रानात आलो आणि परशूच्या हाती पडलो.

परशू बाजारकुणंगजवळच्या एका वाडीतल्या शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. त्या वाडीतून जंगलाचा गार्ड झालेला तो पहिलाच. वर्दी घालून तो घरी आला तेव्हा त्याचा बाप धाकलू मला बोटांनी चाचपत म्हणाला, "घोंगडीपरीस मऊ हाय." इतकं कौतुक माझं पुन्हा कधी झालं नाही.

पण परशूला मला नीट गुंडाळता येत नसे. एकदा तपासणीच्या वेळी मी घसरून त्याच्या घोट्यावर आले. "हे वेटोळं आवर, कोणीतरी साप समजून मारील," साहेब म्हणाला आणि सगळे गार्ड हसले. परशूही हसला, पण त्याचे कान तापले होते. त्या दिवसापासून तो मला ओठ दाबून आवळू लागला. संध्याकाळी सोडलं की कातडीवर माझे वळ उठलेले असत. ते घरच्यांना दिसू नयेत म्हणून तो पाय धोतराखाली झाकून बसे.

उळवीची जत्रा जवळ आली होती. पेरणीआधी शेतात जाळायला फांद्या छाटताना धाकलू झाडावरून पडला. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. दवाखाना सुप्याला, दिवसभराच्या चालीवर. थोरला मुलगा झिलू यानं वेळूला कांबळ्याची झोळी बांधली. परशूनं वर्दी चढवली. वर्दीतला माणूस दिसला तर लवकर आत घेतील, असं त्याला वाटलं. पुढं झिलू, मागं परशू, मध्ये झोळीत बाप, आणि पाण्याची कळशी घेऊन झिलूची बायको फुला, असे ते निघाले.

वाटेत गुडघाभर पाण्याचा ओढा लागला. मी भिजले. भिजलेली लोकर आकसते, मित्रांनो. मी आणखी घट्ट झाले आणि पुढं चढ सुरू झाला. परशूची पोटरी माझ्याखाली तापली, फुगली, दुखू लागली. तिला काहीतरी हवं होतं आणि ते मिळत नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण गाठ सोडायला मला हात नाहीत.

झिलूला मागची चाल अडखळताना जाणवली. "थांबूया काय?"

"न्हाई. मी रोज डोंगर चढतो," परशू म्हणाला.

थोडं पुढं गेल्यावर त्याची पोटरी आखडली. गुडघा टेकला, वेळू खांद्यावरून निसटला आणि धाकलूचा मोडका पाय दगडावर आपटला. म्हाताऱ्यानं दात आवळले, तरी आवाज बाहेर आलाच.

फुला पुढं आली. तिनं कळशी परशूच्या हातात दिली, पदर खोचला आणि वेळू खांद्यावर घेतला.

बाकीची सगळी वाट परशू कळशी घेऊन मागून लंगडत आला. जत्रेला निघालेल्या बायका समोरून आल्या. त्यांनी झोळी वाहणारी फुला पाहिली, मागचा वर्दीवाला पाहिला आणि एकमेकींकडं पाहिलं. परशू खाली बघत राहिला.

"परश्या, ते पायाचं सोड रे जरा," झोळीतून धाकलू म्हणाला.

"ऱ्हाऊ दे, बा. सरकारी हाय ते."

"ते सरकारी असंल. पाय तर तुजाच हाय न्हवं?"

परशूनं फक्त कळशी दुसऱ्या हातात घेतली. त्यानं मला सोडलंही नाही.

सुप्याला दत्तात्रय डॉक्टरांनी धाकलूचं हाड बसवलं. पाय वाचेल म्हणाले. मग दाराशी भिंतीला टेकलेल्या परशूकडं त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी त्याला बसवलं आणि मला वेढा वेढा करून उतरवलं. फिकट पडलेली पोटरी बघता बघता लालबुंद झाली. परशू घाबरला.

"डाक्टरसाहेब, माज्या पायात जोर उरला न्हाई काय?"

"जोर आहे, रक्त पोचत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "स्नायू राबायला लागला की त्याच्यातून काही रसायनं सुटतात. ती जवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना सैल करतात, मग त्या रुंद होतात आणि रक्त जास्त येतं. जितकं काम जास्त, तितकी रसायनं जास्त, तितकं रक्त जास्त. मेंदूच्या हुकमाची तो वाट बघत नाही. स्वतःच मागून घेतो."

"मग मला का न्हाई मिळालं?"

"तुझ्या पोटरीनं मागितलं होतं. तू वाट आवळून धरलीस. मागणी साठत गेली, म्हणून आता एवढं रक्त धावून आलंय. लाली उतरेल थोड्या वेळानं."

"रसायनं म्हंजी कसली?"

"आंबट द्रव्यं असावीत म्हणतात. नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही."

परशू बाहेर आला. ओसरीवर फुला बसली होती. वेळूनं तिचा खांदा सोलला होता आणि ती त्यावर ओलं फडकं दाबत होती. परशू तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"वैनी, चढ लागल्यापासनंच पाय दुखत हुता," तो म्हणाला. "सांगायची लाज वाटली."

"मला ठावं हुतं," फुला म्हणाली. "तू सांगशील म्हणून वाट बघत हुते."

परशू खाली बसला. तिच्या हातातलं फडकं घेऊन त्यानं ते कळशीच्या पाण्यात पुन्हा बुडवलं. त्याचे डोळे मात्र तिच्या खांद्यापर्यंत गेले नाहीत.

पुढं कित्येक वर्षं त्यानं मला गुंडाळलं, पण प्रत्येक वेढ्याखाली बोट जाईल इतकं सैल. मी कधी घसरले, कधी लोक हसले. आता माझी वीण उसवली आहे आणि कसर लागली आहे. मित्रांनो, तुमची पोटरीसुद्धा हवं ते मागायला लाजत नाही. दुखत असेल तर तुम्हीही वेळेवर सांगा. तुम्ही गप्प राहिलात, तर तुमचं ओझं फुलावहिनीसारखं कुणीतरी उचलतं, आणि त्याचा खांदा सोलतो.