करवतकाठी सायकल

ऐतवारी सकाळी नागपूरच्या इतवारीहून नॅरोगेजची छोटी लाइन सुटायची, तेव्हा तिच्या डब्यात माणसांपेक्षा गठुडी जास्त असायची. सगळी उमरेडकडच्या कोष्ट्यांची. कोणात सूत, कोणात लुगडी, तर कोणाच्या गठुड्यावर झोपलेलं लेकरू. म्हणून शालिकरामच्या गठुड्याकडे कोणी वळून पाहत नसे. जुन्या धोतरात बांधलेलं, दोन गाठींचं, बाकाखाली निमूट सरकणारं. त्यात सायकल होती.

शालिकराम जन्मला मागाच्या खड्ड्यापाशी आणि वाढला धोट्याच्या आवाजावर, पण आता एका वर्कशॉपात फिटर होता. सदरमधल्या दुकानात कोण्या साहेबाची विलायती सायकल दुरुस्तीला आली होती, ती त्याने पाहिली. छोट्या चाकांची, कमरेत वाकणारी. घरी येऊन त्याने आपली चांगली चालती सायकल आडवी पाडली आणि मधोमध कापली.

"आता तिच्या बिया काढता का?" अनुसया, त्याची बायको, दारातून म्हणाली.

"पाहशील."

"पाहूनच राहिली. दूध आणाले जाले आता काय बैल आणू?"

पण कापलेल्या जागी बिजागरी बसली, तिच्यावर खटका बसला, लहान चाकं चढली, आणि खटका ओढला की सायकल पोथीसारखी मिटू लागली. सबंध सायकल गाडीत न्यायची तर पावती फाडा, गार्डाच्या डब्यात चढवा, उतरताना पुन्हा गार्डाला शोधा. यातच सुट्टी सरे. ही मिटलेली मात्र आपल्याच पायाशी बसून यायची, आणि जिथे गाडी सोडावी तिथून पुढे वाटच वाट.

मग त्या दोघांचे ऐतवार सुरू झाले. माघात सावनेरच्या बाजूला जायचं, गावाच्या अलीकडेच उतरायचं आणि संत्र्याच्या बागांमधल्या गाडवाटेने हळू जायचं. बहार आलेला असला की वास असा दाटायचा, की शालिकराम पायडल मारायचं विसरून जाई आणि सायकल आपली आपण चाले. कधी एस.टी.ने रामटेक. गठुडं टपावर, आणि उतरल्यावर तलावाच्या कडेकडेने झाडांच्या सावल्या मोजल्यासारखा रस्ता. पण दोघांचा जीव जडला होता तो कुहीवर. कुहीला उतरून आम नदीकडे जाणारी मातीची वाट, दोन्ही अंगांना मोहाची झाडं, आणि फागुन लागला की पळस. पानं नाहीत, नुसती फुलं. नदीत पाय सोडून बसायचं, भाकर आणि जवसाची चटणी खायची, सांजच्या गाडीने परत.

अनुसया मागे कॅरिअरवर बसे. चाकं लहान, त्यामुळे तिचे पाय जमिनीला लागू लागू होत. वावरातल्या बाया हात थांबवून पाहत.

"काहून वं बाई, सर्कशीतले होय का तुम्ही?"

"हो," अनुसया म्हणे. "वाघ मागून येऊन राहिला."

सगळं होतं, पण गाडी कुहीच्या पुढे गेलेली या दोघांनी पाहिली ती फलाटावरूनच. पुढे उमरेड, शालिकरामच्या बापाचं गाव. उमरेडचा तलाव कुहीच्या नदीहून सुंदर, हे शालिकरामला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथे त्याची मोठी बहीण राहत होती, रुख्माबाई. आणि ती त्याच्याशी बोलत नव्हती.

भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. त्यांच्या घरची एक रीत होती. वर्षाचं पहिलं लुगडं घरासाठी विणायचं, आणि मागावरून उतरलं की त्याची घडी रुख्माबाईने मोडायची. पाटावरची घडी उलगडायची, पदर आपल्या खांद्यावर घ्यायचा, उंबऱ्यात उभं राहायचं. मग ते ज्याचं त्याला. रुख्माबाई लहान वयात विधवा होऊन बापाकडे आली, तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, नव्या घडीला सवाष्ण बघा. बापाने धोटा थांबवला नाही. म्हणाला, "कांड्या कोणं भरल्या? तिनं भरल्या. मंग घडी तीच मोडंल." त्या दिवसापासून कांड्यांवर सूत भरताना ती गुणगुणायची,

कांडी भरते भरते, सूत बोटाले ओढते
बापाच्या वं लुगड्याची, घडी लेकच मोडते

बाप गेला. शालिकराम नागपूरला आला, माग सोबत आणला, काही वर्षं चालवला. मग पोट भरेना म्हणून मोडीत दिला. रुख्माबाई तेव्हा आली होती. मागाचा रिकामा खड्डा पाहून एवढंच म्हणाली, "म्हंजे आता मले बलवाचं कामच नाई." त्यानंतर ती आली नाही. भाऊबीजेला शालिकराम निरोप धाडी, ती पाय दुखतो म्हणे. जगात इतर कुठल्याही घरी नव्या वस्तूला कोणी तिला हात लावू देत नव्हतं, आणि जिथे देत होते तिथली वस्तूच संपली होती. हे अनुसयाला कळत होतं. शालिकरामलाही कळत होतं, म्हणून तो कुहीला उतरत होता.

त्या फागुनात अनुसया म्हणाली, "मले माही सायकल पायजे. मांगं बसून तुमची पाठच दिसते. पाठ तं मी घरीबी पाहते."

शालिकरामने दुसरी केली. ही ठेंगणी, पुढचा दांडा नसलेली, नऊवारीचा कास्टा घातलेल्या बाईला सहज पाय टाकता यावा अशी. तिला हिरवा रंग दिला. रंग वाळल्यावर चार दिवस संध्याकाळी पाटावर बसून, नाक लोखंडाला लावून, तो बारीक कुंचल्याने काहीतरी काढत राहिला. अनुसया येता-जाता ते पाहून जाई. नवी सायकल मिटून कोपऱ्यात ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "याची घडी कोण मोडंल?"

"तूच. तुही आहे."

"लुगडीबी माहीच असत. घडी मोडत रुख्माबाई."

शालिकरामने सायकल न उघडता तशीच कोपऱ्यात राहू दिली. मग दुसऱ्या दिवशी सुताचे व्यापारी चंद्रभानजी उमरेडला निघाले होते त्यांना गाठून म्हणाला, "बाईले सांगजा. नवी घडी केली, ऐतवारी घेऊन येतो. मोडाले तीच पायजे."

चंद्रभानजी भला माणूस. निरोप अक्षर न् अक्षर पोचवला.

ऐतवारी बाकाखाली नव्या सायकलचं गठुडं होतं. त्या दिवशी गाडीत नवा टी.सी. होता, उत्तरेकडचा. त्याच्या बुटाला गठुड्यातलं लोखंड लागलं.

"इसमें क्या है भाई?"

"घडी आहे साहेब," शालिकरामच्या तोंडून गेलं. त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

"घडी?" टी.सी.ने वाकून गठुड्याचा घेर पाहिला. "किस घंटाघर की उतार लाये?"

डबा हसला. शालिकरामने गाठ सैल करून चाक दाखवलं, खटका दाखवला, हातवारे करून मिटणं-उघडणं समजावलं. टी.सी.ने टोपी मागे सारली. "चलो, बैठने दो घंटाघर को," म्हणून तो पुढे गेला. अनुसया खिडकीतून बाहेर बघत हसत होती. त्या एका शब्दाने दिवसभरात आणखी कोणाची फसगत होईल, हे तिच्या मनातही आलं नाही.

कुही आलं. गाडी थांबली, सुटली. दोघं बसून राहिली.

उमरेडला रुख्माबाईच्या दारी सडा घातलेला होता. रांगोळी होती. आत जमिनीवर पाट, पाटापाशी समई, आणि घरभर पाटोडीच्या रस्स्याचा तिखट वास. समोरच्या घरची कुसुमावती नवीन लुगडं नेसून येऊन बसली होती. रुख्माबाईने केस चापून बसवले होते. भावाला पाहून तिने आधी त्याच्या हातावर पाणी घातलं.

"वजनदार दिसते," गठुड्याकडे पाहत ती म्हणाली. "लुगड्याची जोड विणली का गा?"

घडी म्हणजे लुगडंच असं रुख्माबाई समजून बसली होती, हे अनुसयाला तेव्हा कळलं. तिने शालिकरामकडे पाहिलं. त्यालाही तेव्हाच उमगलं होतं. पण तोवर रुख्माबाई पाटासमोर मांडी घालून बसली होती आणि सवयीच्या बोटांनी गाठ सोडत होती. धोतर बाजूला झालं. तिचा हात आत गेला आणि थंड लोखंडावर थांबला.

"हे काय होय?" कुसुमावती म्हणाली.

"सायकल," अनुसया हळूच म्हणाली. "घडीची."

रुख्माबाईने हात मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. "मले वाटलं तू माग मांडला."

खोटं बोलायला ती वेळ सोपी होती. मांडीन बाई, दिवाळीपर्यंत मांडीन, असं म्हटलं असतं तर ती हसलीही असती.

"नाई बाई," शालिकराम म्हणाला. "माग नाई मांडला. आता मांडनंबी होत नाई माह्यानं. पण हाताची केलेली नवी वस्तू घरात आली, अन् तुले न बलावता तिले कसं वापरू?"

रुख्माबाई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. आत झाकणी वाजली. कुसुमावती पदराचा काठ मुठीत घेऊन जमिनीकडे पाहत राहिली. शालिकराम गठुड्याची गाठ पुन्हा बांधायला वाकला.

"राहू द्या," अनुसया म्हणाली. "रस्सा खाली उतरवाले गेली ती. लागून राहिला होता, मले वास आला."

खरंच, रुख्माबाई हात पुसत परत आली. येताना तिने चष्मा आणला. पाटाशी बसली आणि, कापड पारखावं तशी, मिटलेली सायकल एका टोकापासून पाहू लागली. रंगावरून बोट फिरवलं, बिजागरीत नख घातलं. "इथी थर जाड झाला," म्हणाली. शालिकराम लगेच म्हणाला, "हो." मग तिचं बोट हिरव्याच्या कडेला आलं आणि तिथेच रेंगाळलं. फ्रेमच्या लांबीभर तांबडी रेघ होती, आणि रेघेला बारीक बारीक दाते. एकाला एक लागून, करवतीसारखे. कुठे एकही दाता मोठा नाही.

"करवत काढली," ती म्हणाली.

"हो."

"बाबाच्या लुगड्याले असे. त्याचा दाता असा थोडा डावीकडे कलत जाये."

"म्हणून कलता काढला."

रुख्माबाईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यानंतर जे बोलली ते अगदी घरगुती आवाजात. "कशी मोडाची हे?"

शालिकरामने खटका दाखवला. तिने तो ओढला. दोन्ही हातांनी दोन चाकं धरून, पदर उलगडावा तशी, सायकल अलगद उघडली. खट्ट असा आवाज झाला आणि पाटासमोर एक हिरवी, करवतकाठी सायकल सरळ उभी राहिली. समईची ज्योत चाकाच्या तारांत चमकली.

"झालं," कुसुमावतीने श्वास सोडला.

"झालं कसं?" रुख्माबाई म्हणाली. "घडी मोडली की पयले माह्या अंगावर येते. हे काय खांद्यावर घेऊ?"

पुढचं गल्लीने बरेच दिवस सांगितलं. शालिकरामने एका बाजूने हँडल धरलं, अनुसयाने दुसऱ्या बाजूने सीट धरली, आणि मधे कास्टा नीट खोचून, चष्मा सावरून रुख्माबाई बसली. पायडलवर पाय ठेवायला तिने साफ नकार दिला. ते तिने दोन्ही बाजूंना पसरून धरले. अशी तिची सायकल आधी उंबऱ्यात उभी राहिली, रीत म्हणून. मग गल्लीतून निघाली.

"बाई, कुठी निघाल्या?" कोणीतरी ओट्यावरून विचारलं.

"हे दोघं नेऊन राहिले तिकडे. माह्या हातात काहीच नाई."

तलावापर्यंत गेले. तलावाच्या बांधावर, पाळीवर, पळस पेटलेला होता आणि खाली पाण्यात दुसरा. रुख्माबाईला उतरवून अनुसया सायकलवर बसली, आणि वेडीवाकडी, पण एकटी, पाळीच्या टोकापर्यंत जाऊन आली. तिच्यापुढे पहिल्यांदाच कोणाची पाठ नव्हती. रुख्माबाई दगडावर बसून पाहत होती. तिचे ओठ हलत होते. शालिकराम जवळ सरकला तेव्हा त्याला ऐकू आलं,

लोखंडाचं लुगडं, त्याले करवतीचा काठ
बापाच्या वं तलावाले, लाल पळसाची वाट

"बापाचा तलाव?" तो म्हणाला.

"गप गा. ओवीत बसते."

जेवणं झाली. सांजच्या गाडीला ती पोचवायला आली, हातात रस्स्याचा डबा घेऊन. गठुडं तिनेच बांधलं होतं, कोष्ट्याच्या गाठीने. शालिकरामची ढगळ गाठ तिने आधी सोडून दाखवली, मग हसली. गाडी आली. दोघं चढली, मागून डबा आला, डब्यामागून रुख्माबाई.

"बाई, गाडी सुटते," शालिकराम म्हणाला.

"सुटू दे. कुसुमीले सांगून आली मी. चार दिस राहते. नागपूरले ते दुसरी आहे ना, कापलेली, तिची घडी तं तुम्ही मले न विचारता मोडली."

ती खिडकीशी बसली. गठुडं बाकाखाली जाऊ दिलं नाही, मांडीवर एक चाक आणि पायावर दुसरं, असं घेऊन बसली. कुही गेलं. संध्याकाळ मोहाच्या वासाने भरली होती. सकाळचाच टी.सी. डब्यात आला, त्याने गठुडं ओळखलं.

"क्यों माताजी, घंटाघर वापस?"

रुख्माबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिने गठुड्यावर हात ठेवला.

"घडी होय," ती म्हणाली. "म्या मोडली."