उघड्या बाटलीचे दिवस

रंगाच्या कारखान्यात सुरक्षेचे नियम सांभाळणं हे तिचं काम. नवं परिपत्रक आलं की वाचायचं, ते सगळीकडे लागू करायचं आणि वर कामगारांची बोलणी खायची.

"तुमचे नियम सारखे बदलतात, वन्सं. तुम्ही कधी बदलणार?" वहिनी चिडवायची. चाळिशी उलटली तरी वन्सं लग्नाचं नाव काढत नव्हत्या.

वहिनीला काय सांगणार? रोज सकाळी टाकीवरचा ऑपरेटर द्रावकाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत तिच्याकडे तपासायला आणायचा. उंच, खांद्यात जरासा वाकलेला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तपासणी होईपर्यंत तो दाराला टेकून उभा राहायचा. तो मुलीच्या परीक्षेचं सांगे, ही भाच्याच्या खोड्या. एकदा ती रजेवरून परतली, तर म्हणाला, "काल नमुना नापास झाला."

"का बरं?"

"तपासणारं माणूस बरोबर नव्हतं."

त्या दिवशी ती उगाचच हसत होती.

मग नवा नियम आला. हवेतल्या द्रावकाच्या विषारी वाफेची मर्यादा पार खाली आणली होती. टाकीचं झाकण उघडून नमुना घेणं बंद; यापुढे बंद नळीतून, यंत्रानंच. तिनं तो कागद पुन्हा वाचला. बाटली नाही, म्हणजे दारात तोही नाही.

"वर्षभराची मुदत आहे की," मॅनेजर म्हणाले. "आत्तापासून कशाला जिवाचा आटापिटा?"

वर्षभराच्या सकाळी! क्षणभर तिचं मन लोभावलं. पण टाकीवरच्या माणसांच्या रक्ततपासणीचे अहवाल तिनं पाहिले होते. त्याच्या पेशी कमी भरल्या होत्या. हल्ली जिना चढून आला की तो दाराची चौकट घट्ट धरायचा.

"नाही साहेब. आत्ताच करायचं."

नळी बसली. त्याची बदली आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, पॅकिंगच्या शेडमध्ये झाली. जाताना तो वर आला.

"हाकललंत ना मला?" तो हसत म्हणाला.

तिला खूप काही बोलायचं होतं. "तब्येतीला जपा," एवढंच तोंडातून निघालं.

त्यानंतर पडद्यावर आकडे आपोआप उमटू लागले. बिनचूक, मुके आकडे. जिन्यात पावलं वाजली की तिची मान वळायची. कधी शिपाई असायचा, कधी कुणीच नाही. दोघांच्या जेवणाच्या सुट्ट्याही वेगळ्या पडल्या. घरी वहिनी विचारायची, "वन्सं, लक्ष कुठंय? पोळी करपतेय!"

पावसाळा सरल्यावर एका दुपारी ती शेडकडे निघाली. तपासणीचं काही निमित्त नव्हतं. तो डबे रचत होता. चेहऱ्यावर रंग परतला होता, श्वासही लागत नव्हता. तिला पाहून तो थबकला.

"मॅडम? नवा नियम आला काय?"

"नाही."

"मग?"

"काही नाही. बोलणं राहिलं होतं."

एक रिकामं खोकं ओढून त्यानं बाहीनं पुसलं आणि तिच्यापुढे सरकवलं. वाट अडली म्हणून मागून फोर्कलिफ्टवाला हॉर्न वाजवायला लागला.

"थांब रे जरा," तो न वळताच म्हणाला.