उकळलेला कोट

गुणाजीनं पोतं गॅलरीत उपडं केलं. त्यातून पाण्याच्या बाटल्या गडगडल्या, पाठीवरच्या पिशव्या पडल्या आणि सगळ्यात शेवटी धप्पकन कोट पडला. एवढा मोठा कोट आमच्या चाळीत कुणी पाहिला नव्हता. त्यात गुणाजी आणि त्याची बायको कांता दोघं मावली असती आणि वर भांडायलाही जागा उरली असती.

"गोऱ्या सोजिराचो," गुणाजी म्हणाला. "मावशेक आणलंय."

लढाई संपल्यावर लष्करानं जे विकायला काढलं त्याला आम्ही डिस्पोजलचा माल म्हणायचो, आणि गुणाजी त्या मालाचा भक्त होता. दिवसभर गिरणीत मागावर उभा राहायचा आणि सुट्टी मिळाली की दोन टाकीकडच्या बाजारात घुसायचा. त्यानं आणलेल्या बॅटऱ्या पेटत नसत, मच्छरदाणीत डासच सुखानं राहत, पण माणसाची श्रद्धा ढळत नव्हती. मी पडलो फोर्टातला कारकून. पंतप्रधान प्रतापगडावर येणार होते, त्यांच्यापुढे संयुक्त महाराष्ट्र मागायला निघणाऱ्या मोर्चासाठी मी नावाजलेल्या दुकानातून नवी कोरी लोकरी बंडी आणली होती आणि गुणाजीच्या ढिगाकडे बघून मिशीत हसत होतो.

शेवंतीमावशी खोलीच्या दारात आली. मूठभर बाई, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात कामाला. छातीत दमा. डॉक्टरांनी तिला मोर्चाला जायला साफ मना केलं होतं. घाटातला वारा छातीला लागला तर मी जबाबदार नाही, असं ते म्हणाले होते. पण तिला जायचंच होतं. छप्पनच्या जानेवारीत तिचा एकुलता एक रामू लालबागच्या रस्त्यावर पोलिसांची गोळी लागून गेला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रत्येक मोर्चात तो पुढे असे. आता त्याच्या वाट्याचं मी चालणार, एवढंच ती म्हणे. म्हणून तर गुणाजी तिच्यासाठी उबदार काहीतरी शोधत फिरत होता.

तिनं कोटाकडे पाहिलं आणि पदर आवळून घेतला.

"ह्या खाकी आसा," ती म्हणाली. "माझ्या अंगाक लावचंय नाय."

गुणाजीचा चेहरा पडला. रामू गेल्यापासून मावशीनं खाकीला हात लावला नव्हता, हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. पोस्टमन आला की टपाल खिडकीत ठेवायला सांगायची. कंडक्टरच्या हातून तिकीट घ्यायला नको म्हणून बसनं जायची नाही, परळच्या गिरणीपर्यंत धापा टाकत चालायची. गुणाजीला हे माहीत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं डिस्पोजलमध्ये वावरून त्या बिचाऱ्याला खाकी दिसायचीच बंद झाली होती.

"रंगवून देतंय," तो म्हणाला. "काळो करतंय. मग घालशील?"

मावशीनं कोटाकडे लांबूनच पुन्हा पाहिलं. मग म्हणाली, काळा झाला तर बघू.

गुणाजीनं त्याच्या गिरणीच्या रंगखात्यातल्या बुधाजीला गाठलं. रविवारी चाळीमागच्या मोकळ्या जागेत तीन दगडांवर हंडा चढला. बुधाजीनं पाण्यात काळा रंग घातला, मीठ घातलं, सोडा घातला, सुती कापडाला घालतात तसं सगळं यथासांग केलं. सरपण कांताच्या घरातलं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं ती नवऱ्याला ऐकवून गेली.

आमच्या चाळीत सुताशी संबंध नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं. पिंजणारे, विणणारे, घड्या घालणारे, सगळे तिथं जमले होते आणि सगळे सल्ले देत होते. आणखी उकळ, दांडक्यानं ढवळ, जरा बडव म्हणजे रंग आत शिरेल. पण लोकर? गिरणगावात लोकरीशी कुणाची गाठ पडणार? लोकर अशी उकळायची नसते, हे त्या एवढ्या कसबी माणसांत एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. मी तर दोनदा दांडकं हातात घेतलं.

संध्याकाळी बुधाजीनं कोट बाहेर काढला आणि घोळका पुढे सरकला. सोजिराचा कोट कुठे गेला? दांडक्यावर एक काळंभोर, आखूड, जाडजूड काहीतरी लोंबत होतं. बाह्या निम्म्या झाल्या होत्या. कापड आटून घोंगडीहून घट्ट झालं होतं. गुणाजी मटकन खाली बसला. मोर्चा तोंडावर आला होता आणि दुसरा कोट आणण्याची कुणाची ऐपत नव्हती.

कोट वाळेपर्यंत त्यानं मावशीला तोंड दाखवलं नाही. शेवटी तिनंच तो दोरीवरून काढला, नऊवारीवर चढवला आणि गॅलरीत आली.

मी खोटं सांगत नाही, माझ्या अंगावर काटा आला. बाह्या बरोबर मनगटाशी थांबल्या होत्या. खांदे खांद्यांवर बसले होते. फोर्टातल्या शिंप्यानं मापं घेऊन शिवला असता तरी इतका नीट बसला नसता. बुधाजीनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर थेंब घरंगळून गेले. देवळात बघावं तसे सगळे त्या कोटाकडे बघत राहिले. बुधाजी तर आपले हात उलटेसुलटे करून पाहत होता.

"गरम आसा," मावशी म्हणाली, आणि गुणाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ट्रकनं आम्हाला पोलादपूरला उतरवलं तेव्हा उजाडत होतं. घाटाकडे पाहिलं आणि मी स्वतःला विसरलो. खालपासून वरच्या वळणापर्यंत माणसंच माणसं. शेतकरी, गिरणीवाले, लेकुरवाळ्या बाया, काठी टेकत चाललेले म्हातारे. इतकी माणसं एका वाटेवर मी जन्मात पाहिली नव्हती. आपण केवढ्या मोठ्या गोष्टीचा एक कण आहोत, हे मला त्या सकाळी कळलं आणि छाती भरून आली. वारा मात्र बोचरा होता. माझ्या नावाजलेल्या बंडीतून तो असा आरपार जात होता की मी गुणाजीची एक पिशवी मुकाट्यानं छातीशी धरली. मावशी माझ्यापुढे चालत होती. धाप लागली की थांबायची, पण खोकला नव्हता. काळा कोट एकेक वळण चढत होता.

रस्त्याच्या कडेनं पोलीस उभे होते. मावशी मान खाली घालून, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालत होती. एका अरुंद वळणावर मात्र पलीकडची बाजू नव्हतीच. तिथं एक शिपाई उभा होता. मिसरूड फुटलेलं पोर, देशावरचं असावं. अंगात नुसता सुती गणवेश. लाठी धरलेला हात थंडीनं थरथरत होता आणि ओठ निळे पडले होते.

मावशी त्याच्यासमोर थांबली. मागची रांग थांबली. गुणाजीनं माझा दंड घट्ट धरला. ही आता काय बोलेल, काय करील? तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग हात पुढे केला आणि त्याच्या खाकी बाहीचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिलं, गिरणीत माल तपासतात तसं.

"ह्या सरकारान दिल्यान तुका?"

"व्हय," शिपाई म्हणाला.

"पातळ आसा," ती म्हणाली. "आत कायतरी घालीत जा, बाबा."

शिपायानं मान खाली घातली. मावशीनं बाही सोडली, त्यावर पडलेली चुणी हातानं सारखी केली आणि ती घाट चढू लागली.