यादीबाहेरचं बिऱ्हाड

सावरखोंडे गावच्या ग्रामपंचायतीत भाद्रपदातल्या एका मंगळवारी लहानी सहाव्यांदा येऊन पायरीवर बसली. ग्रामसेवक शेखरने तिला खिडकीतूनच पाहिले आणि उगाचच एक फाईल उघडून तिच्यात डोके घातले. कचेरीत असे डोके घातलेले साहेब आपण सर्वांनीच पाहिले आहेत. शेखर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेले बरे. टोकावड्याहून तो वेळेवर यायचा, कुणाचा कागद अडवून ठेवायचा नाही. पण लहानीला द्यायला त्याच्याजवळ उत्तर नव्हते, आणि उत्तर नसले की माणूस फाईल उघडतो.

लहानी आणि तिचा नवरा धाकलू हे कातकरी जोडपे. दिवाळी सरली की ट्रक यायचा आणि ती दोघे पोरीला घेऊन भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायची, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परतायची. जाताना झोपडी मोडून जायची त्यांची रीत होती. मागे राहिलेल्या कुडाला वाळवी लागते, वासे कुणीतरी सरपणाला नेतो; म्हणून दार आणि पत्रा बरोबर न्यायचा, वासे ओळखीच्या माणसाकडे ठेवायचे आणि परतल्यावर त्याच जागी, त्याच चुलीच्या तीन दगडांपाशी झोपडी पुन्हा उभी करायची. यंदा परतली, तर झोपडी उभी राहायची तो माळ कल्याणच्या कुणा शेठने विकत घेतलेला. भोवती काटेरी तार, आणि चुलीचे दगडही तारेच्या आत. तेव्हापासून हे बिऱ्हाड अंगणवाडीच्या ओसरीवर होते. सोबत पाच वर्षांची सावळी.

"भाऊसाब, आमाला घर नाय. यादीत नाव घाला," लहानी म्हणाली.

शेखरने नेहमीचेच सांगितले. घरकुलाची यादी दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीवरून झाली आहे, तिच्यात तुमचे नाव नाही, आणि आता नाव घालायचे तर घर क्रमांक लागतो, नाहीतर घरपट्टीची पावती.

 लहानी म्हणाली, "घराला नंबर असता तं घर कशाला मागलं असतं?"

कोपऱ्यातला शिपाई फिदीफिदी हसला. शेखरला मात्र हसू आले नाही. दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याला गेला.

घरकुलाच्या टेबलावर सांगण्यात आले, की बेघरांसाठी वेगळा निधी आहे, पण आधी त्यांच्या नावावर जागा दाखवा. शेखर रस्ता ओलांडून दुसऱ्या कचेरीत गेला. जागेच्या टेबलावर सांगण्यात आले, की गावठाणात जागा देता येते, पण आधी घरकुलाच्या यादीत नाव दाखवा. दोघांनीही आपापला नियम काढून दाखवला, आणि दोन्ही नियम खरे होते. शेखर दुपारपर्यंत तो रस्ता तीनदा ओलांडून दमला. परतताना त्याच्या मनाला थोडे बरेही वाटत होते. आपण आपल्याकडून सगळे केले, आता आपल्या हातात काही नाही. वाचकहो, हे बरे वाटणे फार घातक असते.

गावात आल्यावर त्याने अंगणवाडीच्या हिराबाईंना सारे सांगितले आणि वर एक निरोपही दिला, की पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तोवर ओसरी मोकळी करून घ्या.

हिराबाई बावीस वर्षे त्या अंगणवाडीत होत्या. गावातले अर्धे तरुण त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढले होते.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कापडी पिशवी घेऊन पंचायतीत आल्या आणि शेखरच्या टेबलावर एकेक वही ठेवू लागल्या.

"ही माझी वही. दर पावसाळ्यात सावळीचं वजन घेतलंय, पाच वर्षं. ही नर्सबाईंची, तिला टोचलेल्या सगळ्या सुया हिच्यात आहेत. ही रेशन दुकानदाराची, धाकलूचं कार्ड बघा. आणि ही मतदार यादी. दोघांचीही नावं आहेत. मत मागायचं असलं की सगळे त्या चुलीपाशी बरोबर पोचतात." हिराबाई समोर बसल्या. "हे बिऱ्हाड गावात नाही, असं एकाच कागदावर लिहिलंय भाऊसाहेब. तो तुमच्या कपाटात आहे."

शेखरने कपाटातून दोन वर्षांपूर्वीचे पाहणीचे कागद काढले. तारीख जानेवारीची होती आणि अक्षर त्याचेच. 'घर आढळले नाही. कुटुंब कायमचे स्थलांतरित.'

त्याला तो दिवस आठवला. उन्हाचा मोकळा माळ, तीन दगड, मध्ये गार पडलेली राख. एसटी चुकेल म्हणून तो घाईत होता. शेजारच्या शेतात कुणाला विचारलेही नव्हते. ज्यांना घर नाही त्यांना शोधायला तो गेला होता, आणि घर दिसले नाही म्हणून माणसेच नाहीत असे लिहून परतला होता!

"माझ्यामुळे झालं हे," तो हळूच म्हणाला.

"तुमच्यामुळे झालं, आणि माझ्यामुळेही," हिराबाई म्हणाल्या. "मी पोरीचं वजन लिहिलं आणि वही मिटली. नर्सबाईंनी सुई लिहिली, वही मिटली. दुकानदाराचंही तेच. तिला घर नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते लिहिण्याचं काम आमचं नव्हतं. तुमचं होतं, आणि तुम्हाला ठाऊक नव्हतं. लहान मुलांना आपण काय शिकवतो? चौघांनी मिळून सतरंजी उचला. एकेकट्यानं ओढली तर ती फाटते."

शेखर त्या दिवसापासून झटून कामाला लागला. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्याने ठराव मांडला, की या कुटुंबाची बेघर म्हणून नोंद व्हावी, गावठाणातली एक गुंठा जागा त्यांना मिळावी आणि पंचायतीच्या राखीव निधीतून पाया बांधून द्यावा. वरच्या भिंती आणि छप्पर तालुक्याच्या निधीतून. सरपंच सावळाराम यांना त्याच पैशातून गावाच्या वेशीवर स्वागत कमान हवी होती.

"भाऊसाहेब, तुमी काय, बदली झाली की जाल," ते म्हणाले. "कमान गावात राहील."

"मग तपासणीला लहानीचं बिऱ्हाड कमानीखाली हलवू का?" बायकांच्या रांगेतून हिराबाईंनी विचारले.

सभा हसली. सरपंचही हसले, आणि ठराव झाला. शेखरला वाटले, आता घर झालेच.

ठराव घेऊन तो पुन्हा तालुक्याला गेला. यादीत नाव घालण्याचे कबूल झाले, पण त्याआधी जागेची मोजणी हवी, आणि मोजणीला अर्जदार जागेवर हजर हवा. मोजणीची तारीख मिळाली फेब्रुवारीतली. ही माणसे दिवाळीनंतर गावात नसतात, अलीकडची तारीख द्या, असे शेखरने दोनदा लेखी कळवले. उत्तर आले नाही. ट्रक मात्र आला.

निघायच्या आदल्या दिवशी लहानी पंचायतीत आली. या वेळी ती पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"भाऊसाब, थांबू का जाऊ?"

थांबली तर तीन महिने खायचे काय, हे शेखरला सांगता येईना. गेली तर घराचे काय, हेही सांगता येईना. इतके कागद लिहिणाऱ्या माणसाला 'थांब' हा एक शब्द उच्चारता आला नाही. लहानी वाट पाहून निघून गेली, आणि सकाळी ट्रकही गेला.

मोजणीच्या आदल्या दिवशी शेखर स्वतः भट्टीवर गेला. भट्टी पेटलेली होती, मुकादम धाकलूला सोडायला तयार नव्हता. शेखरने हातापाया पडून एका दिवसाची सुट्टी मिळवली. सुट्टी दुसऱ्या दिवसाचीच होती, म्हणून धाकलू सकाळी निघाला, कल्याणला त्याची गाडी चुकली. इकडे मोजणीचे साहेब दुपारी एकपर्यंत झाडाखाली बसले, मग 'अर्जदार गैरहजर' असे लिहून पुढच्या गावाला गेले. त्यांनाही चार गावे करायची होती. तीन वाजता धाकलू टोकावड्याहून धावतपळत आला आणि त्या मोकळ्या एक गुंठ्यात उभा राहिला.

"मी आलोय ना आता," तो म्हणाला. "मोजा ना."

मोजायला तिथे कोणी नव्हते. मार्चअखेरीस तालुक्याचा निधी परत गेला.

ज्येष्ठात बिऱ्हाड परतले आणि पुन्हा ओसरीवर टेकले. शेखर आपण होऊन सांगायला गेला. लहानी रागावेल, रडेल असे त्याला वाटले होते. ती सावळीचे केस विंचरत होती. मान वर न करता म्हणाली, "आमी नसतो तवाच तुमची मोजणी येते. पुढल्या साली कंच्या महिन्यात आमी गावात नाय पायजे, तेवढं आधी सांगा."

 त्या दिवसापासून त्याने एक गोष्ट मात्र सोडली. 'माझ्या हातात नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकले नाही. त्याच आश्विनात, ट्रक यायच्या आधी, त्याने अंगणवाडीत एक सतरंजी अंथरली. हिराबाई, नर्सबाई, रेशन दुकानदार आणि तो स्वतः आपापल्या वह्या घेऊन बसले. लहानीसारखी आणखी सात कुटुंबे निघाली, कुठल्याच यादीत नसलेली. तालुक्याच्या दोन्ही टेबलांना त्याने त्या दिवसाचे आमंत्रण धाडले होते. एका टेबलाने 'हा विषय आमच्या कक्षेत येत नाही' असे कळवले, दुसऱ्याने काहीच कळवले नाही. शेखरने दोघांनाही पुन्हा लिहिले. तो अजून लिहितो आहे. लहानीचे घर अजून उभे राहिलेले नाही.

वाचकहो, या गोष्टीत दुष्ट कोणी नाही. निधी होता, जागा होती, नियम होते, आणि प्रत्येकाने आपापल्यापुरते काम केले. तरीही एक पोर ओसरीवर वाढली. बेघरांसाठी पैसा ठेवला एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. तो पैसा, ती जागा आणि ती माणसे एका दिवशी, एका ठिकाणी आणून उभे करणे, हे खरे काम. ते कुणाच्याच टेबलावर लिहिलेले नसते, म्हणूनच ते आपल्या सर्वांचे असते. आपल्याही गावात कुणाच्या तरी ओसरीवर असे एखादे बिऱ्हाड असेल. हे कुणाचे काम, असे विचारण्याआधी त्यांची नावे विचारा, आणि ती लिहून घ्या.