मधल्या खोलीतली रेंज

आमचं घर एका ओळीत बांधलेलं आहे. पुढे बैठकीची खोली, मध्ये निजायची, मागे स्वयंपाकघर. आमची ही गेली त्या आठवड्यात मी मधली खोली बंद केली. एक कडी बैठकीच्या बाजूने घातली, एक स्वयंपाकघराच्या. तेव्हापासून स्वयंपाकघरात जायचं तर मी पुढच्या दाराने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो आणि मागच्या दाराने आत शिरतो. चहाचा कप घेऊन तसाच परत येतो. शेजारच्या वहिनींनी माझ्या मुलीला फोनवर सांगितलं, "तुमचे बाबा तब्येतीला जपतात हो. सारखे चालत असतात."

मुलीचं तेवढ्यावर समाधान होईना. ती दूर राहते आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"जेवण."

"उद्यापासून स्वयंपाकघरात बसून बोलायचं. ताट मला दिसलं पाहिजे. नाहीतर महिनाअखेरीस गाडी घेऊन येते आणि तुम्हाला इकडे आणते. घराला कुलूप."

मला घर सोडायचं नव्हतं. का, ते मला सांगता आलं नसतं. राहत होतो तेही तीनातल्या दोनच खोल्यांत.

वाय-फायचा राउटर बैठकीत. स्वयंपाकघरात रेंज नावालासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी घास तोंडाशी नेला आणि चित्र तिथेच थिजलं. तोंड उघडं, डोळे वर. मुलीला वाटलं, बाबांना झटका आला. वहिनी धावत आल्या, तर मी चावत होतो.

"निदान तोंड मिटून तरी अडकायचं, भावोजी," त्या धापा टाकत म्हणाल्या.

मग जावयाने एक पांढरा डबा पाठवला. त्याला एक्स्टेंडर म्हणतात, तो रेंज पुढे नेतो. मी तो स्वयंपाकघरात लावला. लाल दिवा लागला आणि लालच राहिला.

"बाबा, लावलात कुठे?" जावयाने फोनवर विचारलं.

"जिथे रेंज नाही तिथे. दुखतं तिथेच मलम लावतात ना?"

"अहो, तो रेंज तयार करत नाही. त्याला मिळाली तर तो पुढे देणार."

हे मला लगेच पटलं. मी जन्मभर पंप दुरुस्त केले. कोरड्या पाइपाला पंप लावला तर तो नुसता आवाज करतो.

"मग कुठे लावू?"

"अर्ध्या वाटेवर. मधल्या खोलीत."

"तिथलं बटण बिघडलंय."

"मग दुरुस्त करा. तुम्ही कारागीर माणूस."

मी बटण दुरुस्त केलं नाही, कारण ते बिघडलेलंच नव्हतं. बैठकीतून लांब वायर काढली, घराच्या बाजूने नेली आणि डबा पिशवीत घालून मधल्या खोलीच्या खिडकीला बाहेरून टांगला. वहिनी कपडे वाळत घालत होत्या.

"हे काय, भावोजी? पाखरांची सोय?"

"वाय-फाय."

"आत लावायचं सोडून?"

"आत जागा नाही."

"आत एक खाट आहे आणि एक खुर्ची. मला सांगता? तिला उठवून बसवायला मीच येत होते ना."

मी पिशवीची गाठ पुन्हा मारली. त्या संध्याकाळी मुलीचा आवाज आला, चित्र आलं नाही. "बाबा, मी रजेचा अर्ज टाकते," ती म्हणाली आणि फोन तुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कडी काढली. दार फुगलं होतं, खांद्याने ढकलावं लागलं. आत मलमाचा वास तसाच. खाटेवर रबराची चादर. खुर्चीच्या पाठीवर माझाच शर्ट, जो मी सगळीकडे शोधला होता. भिंतीच्या प्लगात हिचं वाफ घ्यायचं यंत्र अजून खुपसलेलं होतं. ते काढायला हात लवकर उठला नाही. शेवटी काढलं, तिथे डबा लावला, बटण दाबलं. दुसरं दार उघडायला गेलो, तर त्याची कडी स्वयंपाकघरातून. म्हणजे पुन्हा वळसा.

संध्याकाळी कॉल आला. चित्र आरशासारखं स्वच्छ.

"अगं बाई! बाबा, किती बारीक झालात!"

"रेंज चांगली असली की माणूस बारीक दिसतो."

"ताट दाखवा."

ताटात पाव आणि उकडलेलं अंडं होतं. मी बोलणी खायची तयारी केली, पण ती ताटाकडे पाहत नव्हती.

"मागे दार उघडं आहे," ती म्हणाली.

"रेंजसाठी उघडलं."

"आईची खाट दिसतेय."

"हो."

ती बराच वेळ नाक पुसत राहिली. मग म्हणाली, "महिनाअखेरीस येते मी."

आता संपलं, असं वाटलं मला. "गाडी घेऊन?"

"नाही, पोराला घेऊन आम्ही तिघं राहायला येतो. झोपायला खोली आहे ना आता?"

"आहे," मी म्हणालो.

फोन ठेवून मी डब्याकडे गेलो. त्यावर लाल नाही, हिरवा नाही, कुठलाच दिवा नव्हता. मी दाबलेलं बटण त्या प्लगाचं नव्हतंच. शेजारचं होतं, खोलीतल्या दिव्याचं, आणि तो दिवा कधीच गेलेला. डबा दुपारपासून नुसता भिंतीला लटकत होता. मग माझ्या लक्षात आलं. वाळवी लागली म्हणून त्या दोन्ही दारांना मीच एकदा खालपासून वरपर्यंत पत्रा ठोकला होता; रेंज त्यालाच अडत होती. दारं उघडली आणि रेंज आपली आपण चालत मागे गेली.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. आवाजात अभिमान होता.

"बघितलंत, बाबा? यंत्र चांगलं असून भागत नाही. ते योग्य जागी लागावं लागतं."

"अगदी. तुमच्या डब्याने कमाल केली, जावईबापू."

"आणि आता दारं लावलीत तरी चालेल बरं का. डबा सांभाळून घेईल."

"नको," मी म्हणालो. "डब्यावर उगाच ताण कशाला? राहू देत उघडीच."